कोरे कापड, पिकते केळे आणि एक कुलूप

तापीच्या उत्तर तीरावर वसलेल्या बुऱ्हाणपूरची ओळख बहुतेकांना इतिहासाच्या पुस्तकातून होते. फारुकी सुलतानांनी वसविलेले आणि पुढे मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे झालेले हे शहर. १६३१ साली मुमताज महलने येथेच अखेरचा श्वास घेतला. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी तावेर्निये याने येथील तलम कापडाची वाखाणणी केली असून ते इराण, तुर्कस्तान आणि पोलंडपर्यंत जात असल्याची नोंद केली आहे. आज हे शहर मध्य प्रदेशात आहे आणि २००३ सालापासून ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण आहे. तरी रावेर ओलांडून तेथे पोचणाऱ्याला आपण मराठी मुलुखाबाहेर आलो असे सहसा वाटत नाही. त्याच्या गल्ल्यांत यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो आणि शहराबाहेर पडताच केळीच्या बागा सुरू होतात. कापड आणि केळी या दोन धंद्यांवर हे गाव उभे आहे.

या दोन धंद्यांचा एकमेकांशी काय संबंध, असे कोणीही विचारील. एक कारखानदारीचा, दुसरा शेतीचा. परंतु मागावरून उतरलेले कोरे कापड आणि पिकवणीच्या खोलीतला केळीचा घड यांच्यात निसर्ग एकच काम एकाच जातीच्या हत्याराने करीत असतो. त्या हत्याराला शास्त्रज्ञ एन्झाइम म्हणतात, आपल्याकडे त्याला विकर हा शब्द रूढ झाला आहे. ज्या पदार्थावर विकर काम करते त्याला सबस्ट्रेट असे नाव आहे. येथे आपण त्याला कार्यद्रव्य म्हणू. विकराच्या अंगाची घडण कशी आहे, यावर त्याने कोणते कार्यद्रव्य धरावे आणि त्याचे काय करावे हे ठरते. प्रयोगशाळेतला हा सिद्धान्त बागायतदाराच्या भावाशी, विणकराच्या कापडाशी आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात केळी घेणाऱ्या गृहिणीच्या आरोग्याशी जोडलेला आहे. म्हणूनच तो अग्रलेखाच्या पानावर मांडणे आम्हांस अस्थानी वाटत नाही.

प्रथम कापडाचे पाहू. मागावर ताणलेल्या ताण्याच्या सुताला सतत घर्षण सोसावे लागते. ते तुटू नये म्हणून त्याला आधी खळ देतात, आणि सुती धाग्याची पारंपरिक खळ म्हणजे स्टार्च. विणून झाल्यावर मात्र ही खळ काढून टाकावी लागते, नाही तर कापडावर रंग नीट चढत नाही. तीव्र अम्लाने खळ निघते, पण थोडे चुकले तर सूतही कुजते. ॲमिलेज या विकराच्या कोमट द्रावणात मात्र कापड बुडवले तर खळ विरघळून जाते आणि सुताच्या तंतूला धक्काही लागत नाही. बॉइडिन आणि एफ्राँ यांनी जिवाणूंपासून मिळविलेल्या अशा विकराचे पेटंट १९१७ सालीच घेतले होते. आजही जगभर सुती कापडाची खळ काढण्याचा हाच सर्वमान्य मार्ग आहे.

यात नवल कोणते, ते रसायनशास्त्र थोडे उलगडल्यावर कळते. खळीचा स्टार्च आणि कापसाचे सेल्युलोज हे दोन्ही पदार्थ ग्लुकोज या एकाच साखरेच्या मण्यांनी गुंफलेल्या माळा आहेत. मणी तेच, फक्त दोन मण्यांमधील गाठ निराळी. स्टार्चमधील गाठीला आल्फा म्हणतात, सेल्युलोजमधील गाठीला बीटा. आल्फा गाठीमुळे माळेला वळण पडते आणि ती जिन्यासारखी गुंडाळत जाते. बीटा गाठीत प्रत्येक पुढचा मणी उलटा बसतो, त्यामुळे माळ सरळ राहते आणि शेजारच्या माळांना घट्ट चिकटून बळकट तंतू होतो. एवढ्याशा फरकामुळे आपण भात पचवू शकतो, पण धोतराचा सोगा पचवू शकत नाही. भाताचा घास सावकाश चावला तर तो गोड लागू लागतो, कारण लाळेत ॲमिलेज असते. आल्फा गाठ त्याच्या हाती लागते, बीटा लागत नाही.

ही निवड विकर कशी करते? या प्रश्नाला पहिले नेटके उत्तर जर्मन रसायनज्ञ एमिल फिशर याने १८९४ साली दिले. त्याने ग्लुकोजपासून आल्फा आणि बीटा अशी दोन जुळी संयुगे केली. यीस्टमधील विकराने केवळ आल्फा फोडले, बदामातील विकराने केवळ बीटा. त्यावरून फिशरने अनुमान काढले की विकर आणि त्याचे कार्यद्रव्य यांचे आकार कुलूप-किल्लीसारखे एकमेकांस अनुरूप असले पाहिजेत. त्या वेळी विकर म्हणजे काय हेही कोणास ठाऊक नव्हते. ते प्रथिन असते, हे सम्नरने अबईच्या कुळातील एका शेंगेच्या बियांपासून यूरिएज या विकराचे स्फटिक मिळवून १९२६ साली दाखविले, आणि त्या कुलपाच्या आतला भाग मनुष्याच्या डोळ्यांना दिसण्यास १९६५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साह्याने अंड्याच्या पांढऱ्या बलकातील लायसोझाइम या विकराची त्रिमितीय रचना उलगडली. त्याच्या अंगावर एक लांबट खाच होती आणि त्या खाचेत साखरेचे सहा मणी ओळीने बसतील एवढी जागा होती.

आपल्या ॲमिलेजची रचना त्यानंतर उलगडली. कोजी या बुरशीपासून मिळणाऱ्या टाका-ॲमिलेजच्या साखळीची घडी जपानी संशोधकांनी १९८० साली प्रसिद्ध केली आणि १९८४ साली तिचा अधिक बारकाईचा तपशील दिला. ४७८ ॲमिनो अम्लांची ही एक सलग साखळी आहे. ती अशी दुमडलेली असते की तिच्या गाभ्यात आठ पट्ट्यांचे एक पिंप तयार होते. पिंपाच्या तोंडाशी उघडी खाच असते आणि स्टार्चची वळणदार माळ तिच्यात आडवी येऊन बसते. खाचेच्या भिंतींवरील निरनिराळे गट प्रत्येक मण्याला आपापल्या जागी धरतात. सेल्युलोजची ताठ माळ या वळणात बसूच शकत नाही, म्हणून खळ निघते आणि कापड वाचते. जवळच कॅल्शियमचा एक अणू या साऱ्या घडीला टाच मारल्यासारखा धरून असतो. तो काढून घेतला तर घडी सैल होते आणि विकर निकामी होते. खळ काढण्याच्या हौदात कॅल्शियम ओढून घेणारी रसायने अविचाराने टाकली तर काम बिघडते, ते याच कारणाने.

परंतु नुसते धरून ठेवणे म्हणजे काम करणे नव्हे. पाण्यात नुसती सोडून दिलेली अशी गाठ आपोआप सुटण्यास किती काळ लागेल याचा हिशेब वुल्फेंडेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली मांडला. सामान्य तापमानाला निम्म्या गाठी सुटण्यास सुमारे ५० लाख वर्षे. विकर हेच काम एका सेकंदात शेकडो वेळा करते. याचे रहस्य असे की खाचेच्या तळाशी तीन अम्लगट नेमक्या अंतरावर मांडलेले असतात. एक गट गाठीतील ऑक्सिजनला प्रोटॉन देऊन ती गाठ कच्ची करतो. दुसरा मागच्या बाजूने साखरेच्या कार्बनला पकडतो आणि माळ तुटते. तिसरा ताणलेल्या मण्याला आवरून धरतो. मग पाण्याचा रेणू आत येतो, पकडलेला मणी सोडवतो आणि विकर पूर्ववत होऊन पुढच्या माळेकडे वळते. स्वतः न झिजता दुसऱ्याचे काम घडवून आणण्याच्या या वृत्तीलाच उत्प्रेरण म्हणतात. साखरेची गाठ सोडणारी कित्येक विकरे ही अशी क्षणभराची पकड घेतात, ही कल्पना कोशलँडने १९५३ सालीच मांडली होती. लायसोझाइमच्या बाबतीत तिचा सबळ पुरावा मिळाला तो २००१ साली.

येथे फिशरच्या दृष्टान्तात दुरुस्ती करावी लागते. किल्ली कुलपात तंतोतंत बसली आणि सुखाने पडून राहिली, तर कुलूप उघडणार कसे? जे.बी.एस. हाल्डेन याने १९३० सालच्या आपल्या ग्रंथात सुचविले की किल्ली पुरती बसत नाही, तिच्यावर किंचित ताण येतो आणि त्या ताणानेच काम होते. हाच हाल्डेन १९५७ साली भारतात आला, येथील नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारला. लायनस पॉलिंगने १९४०च्या दशकात ही कल्पना अधिक रेखीव केली. मूळ पदार्थ आणि तयार माल यांच्यामध्ये जी क्षणभंगुर अवघडलेली अवस्था असते, विकराची खाच तिला सर्वांत अनुरूप असते. कोशलँडने १९५८ साली आणखी एक भर घातली. कार्यद्रव्य आत येताच विकरही आपले अंग थोडे सावरून घेते, हातमोजा हात आत गेल्यावर त्याचा आकार घेतो तसे. म्हणजे हे कुलूप लोखंडी नाही, जिवंत आहे.

आता केळीच्या घडाकडे वळू. बागेतून कापलेल्या हिरव्या केळ्याच्या वजनात सुमारे एक पंचमांश स्टार्च असतो. पूर्ण पिकल्यावर तो एक-दोन टक्क्यांवर येतो आणि त्याची जागा साखर घेते. हे काम आल्फा-ॲमिलेज, बीटा-ॲमिलेज आणि त्यांच्या जोडीची इतर विकरे वाटून घेतात. घडणीचा फरक कामात कसा उतरतो, हे येथे फार सुरेख दिसते. आल्फा-ॲमिलेजची खाच दोन्ही बाजूंनी उघडी असल्यामुळे ते माळेला मध्येच कोठेही तोडते. बीटा-ॲमिलेजची खाच एका बाजूने बंद, खिशासारखी आहे. त्यामुळे माळेचे टोकच आत जाऊ शकते आणि दर वेळी दोन-दोन मणी तुटतात. सेल्युलोज कुरतडणाऱ्या काही बुरशींच्या विकरांत तर बोगदाच असतो. ताठ माळ त्यात एका टोकाने ओवली जाते आणि तुटत तुटत पुढे सरकते. अशा विकरांसाठी प्रसिद्ध झालेली एक बुरशी दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधील सोलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू कुजवताना सापडली होती. उघडी खाच, खिसा आणि बोगदा अशा तीन घडणी आणि तीन प्रकारची कामे.

केळे पिकण्याचा इशारा देतो तो इथिलीन नावाचा वायू. तो फळ स्वतःच तयार करते, आणि त्यासाठीही लोहाचा अणू पोटात बाळगणारे एक विकर असते. हा इशारा ऐकणारी प्रथिने पेशींत असतात आणि इथिलीनचा इवलासा रेणू तांब्याच्या आधाराने त्यांच्यात बसतो. ही प्रथिने विकरासारखी कात्री चालवीत नाहीत, पण आकार ओळखण्याचा न्याय तोच. येथेच लबाडीला वाव मिळतो. कॅल्शियम कार्बाइडवर ओलावा पडला की ॲसिटिलीन वायू निघतो. त्याचा रेणू इथिलीनच्या रेणूशी इतका मिळताजुळता असतो की मात्रा पुष्कळ वाढविली तर फळ फसते. थोडक्यात, कार्बाइड ही चोरकिल्ली आहे. बाजारातील कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरस यांची विषारी संयुगे मिसळलेली असू शकतात, म्हणून फळे पिकविण्यासाठी त्याच्या वापरावर आपल्या देशात कायद्याने बंदी आहे. २०११च्या अन्नसुरक्षा विनियमांत ती स्पष्ट शब्दांत आहे. उलट इथिलीन वायूस दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत अनुमती आहे. खरी किल्ली स्वस्तात व कायद्याने मिळत असताना चोरकिल्ली का वापरली जाते, हा प्रश्न व्यापारी आणि शासन या दोघांनीही स्वतःला विचारावा.

त्याचे उत्तर हवामानात आणि भांडवलात आहे. आज आपल्याकडे लावल्या जाणाऱ्या कॅव्हेंडिश वर्गातील केळ्यांची एक खोड आहे. साधारण २४ अंशांच्या वरच्या उष्णतेत त्यांचा गर मऊ होतो, पण साल पुरती पिवळी होत नाही, कारण हिरवा रंग मोडण्याचे काम त्या तापमानात नीट चालत नाही. १३ अंशांच्या खाली नेले तर साल करपल्यासारखी काळवंडते. त्या काळवंडण्यात तांब्याचे दोन अणू धारण करणाऱ्या आणखी एका विकराचा हात असतो. म्हणजे गर आणि साल दोघांनाही मानवेल असा पट्टा अरुंद, साधारण १५ ते १८ अंशांचा. तापीकाठच्या उन्हाळ्यात तो साधायचा तर शीतकक्ष हवा, वीज हवी, इथिलीनचे मोजमाप हवे. ज्याच्याकडे हे नाही तो पुडी टाकून मोकळा होतो. कोवळा माल लवकर कापून बाजारात आणण्याची घाई त्यात भर घालते. असल्या फळात गोडी यावी कोठून? ज्या स्टार्चची साखर व्हायची, तो पुरता भरण्याआधीच घड उतरविलेला असतो. चोरकिल्लीने दार उघडले तरी घर रिकामेच असते. ग्राहक मग एकूण केळ्यांनाच नावे ठेवतो, आणि ज्या बागायतदाराने घड पूर्ण भरेपर्यंत वाट पाहिली त्यालाही तोच पडेल भाव मिळतो. लबाडी एकाची आणि दंड दुसऱ्याला, अशी ही व्यवस्था आहे.

कापडाच्या बाजूलाही एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक आहे. विकराने खळ निघते, ती नाहीशी होत नाही. स्टार्चचे तुकडे होऊन ते पाण्यात जातात, आणि हे गोडसर सांडपाणी नदीत गेले की त्यावर पोसणारे जिवाणू पाण्यातील प्राणवायू संपवून टाकतात. सुती कापडाच्या प्रक्रियेत सांडपाण्याचा सेंद्रिय भार वाढविण्यात खळीचा वाटा फार मोठा आहे. विकर वापरले म्हणजे आपण निसर्गाचे देणे फेडले, असे कोणत्याही कापडाच्या पेठेने समजू नये. विकर कापड वाचवते. नदी वाचविण्याचे काम माणसालाच करावे लागते.

या विद्येशी मराठी माणसाचे नाते नवे नाही. कमला सोहोनी मूळच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. त्यांचा जन्म आजच्या मध्य प्रदेशातल्याच इंदूरचा. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत केवळ स्त्री म्हणून नाकारला गेलेला प्रवेश त्यांनी १९३३ साली हट्टाने मिळवला, आणि १९३९ साली त्या केंब्रिजच्या डॉक्टर झाल्या. पुढे मुंबईत त्यांनी आपल्या रोजच्या कडधान्यांतील ट्रिप्सिनरोधक पदार्थांचा अभ्यास केला. ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यात प्रथिने तोडणारे विकर. त्याच्या खिशाच्या तळाशी ऋणभारित गट असतो आणि त्याला धनभारित टोके आवडतात. रोधक नेमके तसेच टोक पुढे करतो, खिशात शिरतो आणि तेथेच ठाण मांडतो. आपल्या आज्या-पणज्या डाळ-उसळ भिजवून, मोड आणून, शिजवून का खातात, याचे एक कारण या खिशात दडलेले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी इंग्लंडमधील सहकाऱ्यांसह १९९९ साली पेनिसिलीन-व्ही ॲसिलेज या विकराची रचना उलगडली. प्रतिजैविकांच्या उत्पादनात उपयोगी पडणारे हे विकर. कुलपाच्या आत डोकावण्याचे काम येथल्या भूमीवरही झालेले आहे.

उणीव आहे ती ही विद्या बाजारापर्यंत पोचण्याची. शाळेत कुलूप-किल्लीची आकृती मुले घोकून पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. ती आकृती आपल्या गावच्या हौदात आणि वखारीत रोज घडते आहे, हे त्यांना कोणी दाखवीत नाही. बुऱ्हाणपूरच्या मुलाने कोऱ्या कापडाच्या चिंधीवर आयोडिनचा थेंब टाकून निळा डाग पाहावा. मग तीच चिंधी मोड आलेल्या नाचणीच्या कोमट पाण्यात काही वेळ बुडवून पुन्हा आयोडिन टाकावे आणि डाग फिका झालेला पाहावा. हिरव्या आणि पिकल्या केळ्याच्या चकतीवर तोच थेंब टाकून फरक पाहावा. या प्रयोगाला चार आण्याचाही खर्च नाही, पण तो ज्याने केला तो पुढे व्यापारी झाला तरी कार्बाइडची पुडी उचलताना त्याचा हात क्षणभर थबकेल, असा आम्हांस विश्वास वाटतो.

शासनाकडे आमचे मागणे मोजकेच आहे. केळीच्या पट्ट्यात लहान बागायतदारांना भाड्याने मिळतील असे सार्वजनिक पिकवणीकक्ष उभारावेत. कार्बाइडची तपासणी सणासुदीपुरती न ठेवता बारमाही करावी आणि तिचा निकाल जाहीर करावा. कापडाच्या पेठांत सांडपाण्याची सामाईक शुद्धीकरण व्यवस्था असावी. यांतील एकही गोष्ट अशक्य कोटीतली नाही. ग्राहकानेही आपला वाटा उचलावा. साल एकसारखी पिवळीधमक पण देठ हिरवागार आणि गर बेचव, अशा केळ्याला नकार द्यावा. सालीवर तपकिरी ठिपके असलेल्या केळ्याला नाक मुरडू नये. बहुतेक वेळा ते ठिपके म्हणजे आतले काम पुरते झाल्याची पावती असते.

निसर्गाने ५० लाख वर्षांचे काम क्षणात करणारी कुलपे आपल्या लाळेत, पिठात आणि फळांत ठेवली आहेत. त्यांची एकच अट आहे. किल्ली त्यांच्या आकाराची असावी आणि त्यांच्या तापमानाचा मान राखावा. ही अट पाळण्याइतका धीर माणसाने दाखविला, तर बुऱ्हाणपूरच्या बागेतले केळे बाजारात खऱ्या गोडीने पिकेल आणि ते पिकविणाऱ्याला खरा भाव मिळेल.